खोळंबा आणि खुलासा

एकाच घरात, एकाच वायफायवर आणि एकाच संध्याकाळी असा प्रकार अनेकांच्या पाहण्यात आला असेल की, दिवाणखान्यातील पडद्यावर अडीच तासांचा चित्रपट कोठेही न अडखळता आरंभापासून अखेरपर्यंत चालतो आणि त्याच वेळी आतल्या खोलीत मोबाइलवर खेळत बसलेला मुलगा ‘लॅग मारतंय, लॅग मारतंय’ म्हणून कपाळाला हात लावतो. चित्रपटाला ताशी एक-दोन गिगाबाइट माहिती सहज लागते. खेळाला लागते ती बहुधा तासाला शंभर मेगाबाइटच्या मागेपुढे. ज्याचे ओझे अधिक ते निर्वेध पार पडावे आणि ज्याचे हलके तेच वाटेत अडावे, हे कोडे वडिलांना उलगडत नाही. आणि मुलाने खेळ चालविणाऱ्या कंपनीकडे तक्रार गुदरली असता ‘आपले इंटरनेट तपासून पाहावे, ॲप बंद करून पुन्हा उघडावे, आमचे तंत्रज्ञ चौकशी करीत आहेत’ असे जे ठरीव उत्तर येते, त्याने तर ते अधिकच गुंतते.

कोड्याचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. चित्रपट आधीच तयार असतो, त्यामुळे पुढील काही मिनिटांचा मजकूर आगाऊ मागवून साठवून ठेवता येतो आणि मध्ये दोन-चार सेकंद पुरवठा तुटला तरी प्रेक्षकाला त्याची वार्ताही लागत नाही. खेळातील पुढचा क्षण अद्याप घडलेलाच नसतो; मग साठवावयाचे काय? म्हणून तेथे किती माहिती वाहून आणता येते हा प्रश्न गौण ठरतो आणि एक चिमुकला निरोप किती वेळात जाऊन परत येतो हा मुख्य होतो. या येण्याजाण्याच्या वेळेला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात आणि ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत, म्हणजे मिलिसेकंदांत, मोजतात. कोड्याचा दुसरा अर्धा भाग असा की, इतकी साधी गोष्ट कंपन्यांना आपल्या गिऱ्हाइकांस महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे, का समजावून सांगता येत नाही. त्याचे उत्तर मात्र सोपे नाही.

अर्जाचा प्रवास

खेळाचा सर्व्हर ही एक मामलेदार कचेरी आहे असे समजा. खेळाडूने बटन दाबले म्हणजे गोळी सुटली, असे त्याला वाटते. वस्तुतः ‘मला गोळी झाडावयाची आहे’ असा अर्ज त्याने कचेरीकडे रवाना केला, इतकेच घडलेले असते. कारकून तो अर्ज हाती घेणार, प्रतिपक्षाचा अर्ज त्यापूर्वी आला होता की काय ते पाहणार, निकाल देणार, आणि त्या निकालाची नक्कल त्या वेळी कचेरीच्या आवारात हजर असलेल्या प्रत्येकास धाडणार. मग यात उशीर कोठे होतो? एक तर अर्जदाराच्या गावापासून कचेरीपर्यंतच्या वाटेवर, नाही तर कारकुनाच्या मेजावर. अर्जदाराला हे दोन्ही उशीर हुबेहूब सारखेच दिसतात आणि सर्व गैरसमजाचे मूळ येथेच आहे.

वाटेवरचा उशीर आधी पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटरांच्या आसपास आहे. तेव्हा निरोपाला जाऊन येण्यास कमीत कमी ७२ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातील केबल सरळ रेषेत न जाता अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र असा वळसा घेत जात असल्याने प्रत्यक्षात हा आकडा शंभराच्या वर जातो. जगातील कितीही धनाढ्य कंपनी आली तरी तिला निसर्गनियमापुढे मान तुकवावीच लागते; तिच्या हाती एकच उपाय असतो आणि तो म्हणजे कचेरीच अर्जदाराच्या जवळ नेणे. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने २०२० साली ‘व्हॅलोरंट’ हा खेळ काढला तेव्हा मुंबईत सर्व्हर ठेवले. त्यापूर्वी भारतातील खेळाडूंचे कित्येक सामने सिंगापूरच्या यंत्रांवर निकालात निघत. अर्थात कचेरी जवळ आली म्हणजे वाट जवळ झालीच असे नाही. पुण्याच्या एखाद्या इंटरनेट पुरवठादाराने मुंबईचा निरोप भलत्याच शहरावरून फिरवून नेला तर सर्व्हर शेजारच्या जिल्ह्यात असूनही पिंग चढलेलाच राहतो, आणि या पुरवठादारावर खेळाच्या कंपनीची काडीइतकी हुकमत नसते.

आता मेजावरचा उशीर. सर्व्हर अर्ज येतील तसतसे निकालात काढीत नाही. तो ठरावीक फेऱ्या करतो. व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला १२८ फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदही मिळत नाहीत. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या खेळात सेकंदाला एकच. एका फेरीचे काम त्याच फेरीत आटोपले तर सर्व ठीक. न आटोपले तर शिलकी अर्ज पुढील फेरीत ढकलले जातात, तेथे नव्या अर्जांत मिसळतात आणि दप्तर साचू लागते. त्यातही खरा घात नकलांचा. शंभर माणसे हजर असून प्रत्येकाने एकेक कृती केली तर शंभर कृतींच्या शंभर-शंभर नकला, म्हणजे १० हजार होतात. माणसे हजार झाली तर नकला १० लाख. माणसे दहापट वाढली, काम शंभरपट वाढले. ही वाढ ज्याला एकदा नीट कळली त्याला मोठ्या लढाईत खेळ का गोठतो हे पुन्हा सांगावे लागत नाही.

चौकट : अडले कोठे?

पिंगचा आकडा मोठा पण स्थिर असेल तर दोष अंतराचा किंवा आडवाटेचा.
आकडा क्षणोक्षणी वरखाली होत असेल आणि आपला खेळगडी पुढे जाऊन पुन्हा मागे खेचला जात असेल तर निरोप वाटेत गळत आहेत. पहिला संशय घरच्या वायफायवर घ्यावा.
आकडा चांगला, पण सर्वांचेच एकदम अडत असेल तर दोष सर्व्हरचा.
आकडा चांगला, इतरांचेही ठीक, केवळ आपलेच चित्र अडखळत असेल तर मोबाइल तापला आहे किंवा जुना झाला आहे.

कार्मॅकची कबुली

खेळ रचणाऱ्यांनी खेळाडूंस या बाबतीत सरळ भाषेत काही सांगितल्याचे एक फार चांगले उदाहरण १९९६ सालचे आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये टेक्ससमधील इड सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ हा खेळ बाहेर पडला. कचेरीच्या अंतर्गत जाळ्यावर तो अप्रतिम चाले. परंतु घरच्या टेलिफोनला मोडेम जोडून खेळणाऱ्यांना चालावयाचे बटन दाबल्यावर पाऊल उचलले जाण्यास दोन-तीनशे मिलिसेकंद वाट पाहावी लागे, आणि निसरड्या बर्फावरच जणू सारा खेळ चाले. खेळाचा प्रमुख प्रोग्रामर जॉन कार्मॅक त्या काळी आपल्या कामाची टिपणे एका उघड्या फाइलीत लिहून ठेवी आणि ‘फिंगर’ नावाच्या एका साध्या सोयीने ती कोणासही वाचता येत. ऑगस्टमध्ये त्याने तीत मान्य केले की, आपल्या घरी वेगवान टी-वन लाइन असल्यामुळे मोडेमवाल्यांचे जिणे कसे असते हे आपल्याला ठाऊकच नव्हते आणि म्हणून आपला अंदाज चुकला. त्यापुढे त्याने आपण काय बदलणार, ते का चालेल आणि त्यातून कोणत्या नव्या अडचणी उद्भवतील, हेही लिहिले. डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ ही सुधारलेली आवृत्ती लोकांच्या हाती आली.

या कबुलीचे मोल तिच्या नम्रतेत आहे असे मला वाटत नाही. जाहीर क्षमायाचना तर हल्ली प्रत्येक कंपनी महिन्यातून एकदा करतेच. मोल यात आहे की, उशीर नेमका कोठे होतो आणि तो तेथे का होतो, हे ज्याने यंत्र रचले त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, आणि मधे कोणी जनसंपर्काचा अधिकारी नव्हता.

भुर्दंड कोणाला?

कार्मॅकने केलेला उपाय असा : अर्जाचा निकाल येईपर्यंत थांबावयाचे नाही. खेळाडूने चालण्याचे बटन दाबताच त्याच्याच संगणकाने मंजुरी गृहीत धरून त्याला चालवावे, आणि पुढे सर्व्हरचा निकाल प्रतिकूल आला तर त्याला योग्य जागी परत नेऊन ठेवावे. निकाल बहुधा अनुकूलच येतो, म्हणून खेळाडूला उशीर जाणवत नाही; प्रतिकूल आला म्हणजे मात्र तो एकाएकी मागे ओढला जातो. ‘लॅग’ म्हणून ज्याची ओरड होते, त्यातील बराच भाग अशा रीतीने लॅग लपविण्यासाठी योजलेल्या युक्तीच्याच उघड्या पडलेल्या शिवणींचा असतो.

पुढे ‘हाफ-लाइफ’ खेळाच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने याहून धीट युक्ती प्रचारात आणली आणि तिच्या यान बर्निअर या अभियंत्याने २००१ साली एका निबंधात ती तपशीलवार सांगितली. गोळी झाडल्याचा अर्ज आला म्हणजे सर्व्हर तो अर्ज निघाला त्या क्षणापर्यंत सर्वांच्या जागा मागे फिरवितो, झाडणाऱ्याला तेव्हा पडद्यावर काय दिसत होते ते पाहतो आणि त्याप्रमाणे निकाल देतो. झाडणाऱ्याला न्याय मिळाला. पण जो तेवढ्या अवधीत भिंतीआड पोचला होता त्याला भिंतीआड मरण आले. तो संतापतो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. उशीर मुळी नाहीसा झालेलाच नसतो. तो एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग केलेला असतो. दूरच्या वाटेवरच्या खेळाडूला सवलत द्यावी तर जवळच्याला भुर्दंड बसतो आणि न द्यावी तर दूरच्याला खेळताच येत नाही. तेव्हा ‘आम्ही लॅग कमी केला’ असे विधान करणाऱ्याने तो कोणाच्या माथी टाकला हेही त्याच वाक्यात सांगावयास हवे. फारच थोडे सांगतात.

ज्यांनी सांगितले त्यांत, व्हॅलोरंटच्या पूर्वीची, ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या काळातील रायट गेम्स मोडते. ऑगस्ट २०१५ मध्ये तिने उत्तर अमेरिकेतील आपले सर्व्हर पश्चिम किनाऱ्यावरील पोर्टलंडजवळून उठवून खंडाच्या मध्याकडे, शिकागोस, हलविले. पूर्वेकडील खेळाडू वर्षानुवर्षे चढ्या पिंगने बेजार होते. त्यांचा पिंग उतरणार होता, आणि पश्चिमेकडच्यांचा, ज्यांनी आजवर चैन केली होती, त्यांचा वाढणार होता. दोन्ही बाबी स्थलांतरापूर्वीच उघड सांगण्यात आल्या. शिवाय पुरवठादारांच्या आडवाटा टाळण्याकरिता कंपनीने स्वतःचे जाळे उभारावयास घेतले होते आणि ते का उभारावे लागते, याचेही विवेचन तिच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले. पश्चिमेकडची मंडळी रागावली ती रागावलीच. परंतु आपल्याला फसविले, असे म्हणावयास त्यांना जागा उरली नाही.

सरासरीच्या आडोशाला

दीर्घकाळ चाललेल्या लॅगच्या पत्रव्यवहारात कंपनी आणि खेळाडू परस्परांस खोटे ठरवितात आणि दोघेही खरे बोलत असतात, असा एक विचित्र प्रकार नेहमी आढळतो. सर्व्हर सेकंदाला ६४ फेऱ्या करतो असे धरू, म्हणजे मिनिटाला ३,८४० फेऱ्या झाल्या. त्यांपैकी शंभरात एकच फेरी उशिरा संपली तरी मिनिटाला ३८ हिसके बसतात. खेळाडूच्या लेखी खेळ बिघडला. कंपनीच्या तक्त्यावर मात्र शंभरांपैकी नव्याण्णव फेऱ्या वेळेवर आहेत, सरासरी उत्तम आहे, आणि ‘आमच्या बाजूस कोणताही दोष आढळला नाही’ असे उत्तर प्रामाणिकपणे लिहिले जाते. सुजाण अभियंते म्हणूनच सरासरीपेक्षा सर्वांत वाईट एक टक्का फेऱ्यांचा हिशेब पाहतात. पण तक्रारीला उत्तर लिहिणारा इसम आणि तो तक्ता पाहणारा अभियंता हे बहुधा दोन वेगळ्या मजल्यांवर, कधी दोन वेगळ्या देशांत, बसलेले असतात.

रेक्याविकची कचेरी

या सर्व प्रकरणात ज्या कंपनीचा वृत्तांत मला सर्वाधिक बोधक वाटतो ती आइसलँडच्या राजधानीतील सीसीपी गेम्स. तिचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ मे २००३ मध्ये सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, इतर खेळांत खेळाडूंची निरनिराळ्या सर्व्हरांवर विभागणी केलेली असते, तर येथे जगातील जवळजवळ सारे खेळाडू लंडनमध्ये ठेवलेल्या ‘ट्रँक्विलिटी’ नावाच्या एकाच यंत्रसमूहावर, एकाच विश्वात नांदतात. त्या विश्वातील हजारो सूर्यमाला निरनिराळ्या यंत्रांना वाटून दिलेल्या आहेत. परंतु एका सूर्यमालेचे काम एकाच कारकुनाकडे, म्हणजे एकाच प्रोसेसरच्या एका गाभ्याकडे असते, आणि ते दोघांत वाटता येत नाही. एरवी याने काही बिघडत नाही. दोन राज्यसंघांचे हजार-दीड हजार खेळाडू एकाच सूर्यमालेत एकमेकांवर तुटून पडले म्हणजे मात्र नकलांचा तो वर्ग-गुणाकार एकट्या कारकुनाच्या मानेवर बसतो.

डिसेंबर २००९ मधील ‘डोमिनियन’ या विस्तारानंतर हा त्रास पराकोटीस गेला. तोफेचे बटन दाबावे आणि ती काही मिनिटे सुटूच नये; सूर्यमालेत उडी घ्यावी आणि पडदा काळाच राहावा, अन् दृश्य उमटेपर्यंत आपले जहाज जळून गेलेले असावे, असे प्रकार होऊ लागले. भरपाईचा अर्ज करावा तर ‘दप्तरी तशी नोंद आढळत नाही’ अशा अर्थाचे उत्तर येई, आणि ते उत्तर खेळाडूंत थट्टेचा कायमचा विषय होऊन बसले. आणखी सर्व्हर विकत का घेत नाही, हा त्यांचा नित्याचा सवाल होता. आणि जे काम मुळात वाटता येत नाही त्याला आणखी यंत्रांचा उपयोग नाही, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितले नव्हते.

सुदैवाने खेळाडूंची बाजू मांडण्यास एक अधिकृत मार्ग होता. २००८ पासून या खेळात खेळाडूंच्या मतांनी निवडलेले एक मंडळ असते, त्याच्या सभासदांना कंपनी रेक्याविकला बोलावते आणि बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध करते. २०१० मध्ये या मंडळाने लॅगचा विषय लावून धरला. त्याच वर्षी कंपनीच्या अभियंत्यांनी लॅगनिवारणासंबंधी लेखमाला सुरू केली, आणि तीत ‘लवकरच सुधारणा होईल’ असे न म्हणता कारकुनाच्या मेजावर काय काय पडते याचे सचित्र आलेखांसह विवरण दिले. सोडलेले प्रत्येक क्षेपणास्त्र ही सर्व्हरच्या दृष्टीने एक स्वतंत्र वस्तू असते, तिची जागा फेरीगणिक मोजावी लागते, आणि म्हणून क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या जहाजांचा ताफा तोफांच्या ताफ्याहून सर्व्हरला जड जातो, यासारख्या गोष्टी सामान्य खेळाडूंना तेव्हा कळल्या. ठरल्या दिवशी शेकडो खेळाडूंनी चाचणीच्या सर्व्हरवर जमावे आणि मुद्दाम लढाई करून तो मोडून दाखवावा, अशीही आमंत्रणे निघाली. तक्रारदारालाच पंचनाम्यास बोलावण्याचा हा प्रकार होता. आणि ज्याने आपल्या डोळ्यांदेखत आलेख चढताना पाहिला, तो दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वतीने इतरांस समजावू लागला.

घड्याळ हळू करण्याचा ठराव

एप्रिल २०११ मध्ये ‘सीसीपी व्हेरिटास’ या नावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने एक योजना जाहीर केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये ती मुख्य सर्व्हरवर लागू झाली. तिला काळप्रसरण म्हणता येईल. कारकुनाचे काम आवाक्याबाहेर जाऊ लागले की, त्याला घाई करावयास न लावता त्या सूर्यमालेतील घड्याळच हळू करावयाचे : तोफा हळू भरतील, जहाजे हळू वळतील, सर्वांचे सारखेच हळू होईल आणि अर्ज मात्र ज्या क्रमाने आले त्या क्रमाने निकालात निघतील. घड्याळ किती टक्क्यांवर आले आहे ते दाखविणारे चिन्ह पडद्याच्या कडेला झळकते. माझ्या मते योजनेचा सर्वांत मौलिक भाग हे छोटे चिन्हच होय, कारण पूर्वी जो खोळंबा मनस्वी आणि अदृश्य होता, तो त्यायोगे प्रत्येकास आकड्यात दिसू लागला, आणि आपला हुकूम हरवला नसून रांगेत आहे, अशी खात्री खेळाडूला कोणाही अधिकाऱ्याच्या निवेदनावाचून मिळू लागली.

या व्यवस्थेची मोठी कसोटी २७ जानेवारी २०१४ रोजी ‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेत लागली. एका पक्षाकडून त्या प्रदेशाच्या स्वामित्वाचा सारा वेळेवर भरला गेला नाही, प्रतिपक्षाने तत्काळ चढाई केली, आणि मोठ्या लढाईची पूर्वसूचना देऊन ती सूर्यमाला बलवान यंत्रावर हलवून घेण्याची जी सोय कंपनीने ठेवली होती, तिचा लाभ घेण्यास अवसरच राहिला नाही. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तीत गुंतले, लढाई सुमारे एकवीस तास चालली, ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. घड्याळ बहुतेक काळ दहा टक्क्यांवर होते; म्हणजे माणसांनी दिवसभर जागून जे युद्ध केले, ते खेळाच्या पंचांगात जेमतेम दोन तासांचे ठरले. जहाजांची किंमत तीन लाख डॉलरच्या घरात धरली गेली. तरीही यंत्रसमूह कोसळला नाही, आणि कंपनीने ते भग्नावशेष स्मारक म्हणून तेथेच ठेवून दिले.

घड्याळ दहा टक्क्यांच्या खाली मात्र उतरविले जात नाही, आणि सर्व्हरची शक्ती वाढली की खेळाडू तितकेच मोठे ताफे घेऊन येतात, हा या खेळातला जुना अनुभव. त्यामुळे ‘लॅग मिटला’ अशी घोषणा करणे कोणाही जबाबदार अभियंत्यास शक्य नसते. जानेवारी २०२१ मध्ये ‘एम२-एक्सएफई’ या सूर्यमालेवर प्रचंड चढाई झाली तेव्हा घड्याळ तळाला टेकले, दप्तर पुन्हा साचले आणि उडी घेऊन आत आलेल्या अनेकांना दृश्य दिसण्यापूर्वीच आपली जहाजे गमवावी लागली. कंपनीकडे तक्रारी गेल्याच. पण त्यांच्या जोडीला खेळाडूंत असाही वाद रंगला की, कारकुनाची मर्यादा सर्वांस ठाऊक असताना इतक्या दाटीत उडी घेण्याचा हुकूम सेनापतींनी दिलाच का.